धाकट्या गुणसूत्राची कुळकथा

पोटातलं बाळ मुलगा होणार की मुलगी, हे कुठे ठरतं याचा पक्का पुरावा १९०५ साली मिळाला, आणि तो मिळाला पिठात होणाऱ्या एका किड्याच्या पेशींत. त्याआधी तर्कांना तोटा नव्हता. ॲरिस्टॉटलने पुरुषाच्या अंगच्या उष्णतेला श्रेय दिलं. चरकसंहितेत शुक्र अधिक असेल तर पुत्र आणि रक्त अधिक असेल तर कन्या, असं सांगितलं आहे. गर्भ राहिल्यावर केला जाणारा पुंसवन संस्कार तर पुत्र व्हावा यासाठीच. एकोणिसावं शतक सरत आलं तरी युरोपातले नामवंत जीवशास्त्रज्ञ आहाराकडे बोट दाखवत होते: पोषण चांगलं असेल तर मादी, तुटपुंजं असेल तर नर.

पहिला धागा १८९१ मध्ये हाती आला. जर्मनीत हेरमान हेन्किंग ढेकणाच्या जातकुळीतल्या एका लाल-काळ्या किड्यात शुक्राणू कसे तयार होतात ते पाहत होते. बाकीची गुणसूत्रं जोडीनं वागत होती. एक मात्र एकटंच राहिलं आणि निम्म्याच शुक्राणूंत गेलं. हे गुणसूत्रच आहे का, याचीही खात्री नव्हती, म्हणून त्यांनी त्याला 'एक्स' अशी खूण दिली. पुढे अमेरिकेत क्लॅरेन्स मॅक्लंग यांनी नाकतोड्यांत असंच काही पाहिलं आणि फार मोलाचा मुद्दा काढला: शुक्राणू दोन प्रकारचे, निम्मे-निम्मे, संततीतही नर-मादी निम्मे-निम्मे, मग लिंग इथेच ठरत असलं पाहिजे. ज्यात एक्स जातो त्या शुक्राणूपासून नर होतो, असं मात्र त्यांनी धरलं. ते नेमकं उलटं होतं.

उलट्याचं सुलट केलं नेटी स्टीव्हन्स यांनी. व्हरमाँटमधल्या एका सुताराची ही मुलगी, जन्म १८६१चा. शाळेत शिकवून पैसे साठवले आणि पस्तिशीत स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाल्या. ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयातून त्यांना १९०३ मध्ये डॉक्टरेट मिळाली. पिठातल्या त्या भुंगेऱ्याच्या नर आणि मादी दोघांच्याही पेशी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. मादीच्या पेशीत मोठी २० गुणसूत्रं. नराच्या पेशीत मोठी १९ आणि एक अगदी छोटं. बीजांडं सगळी सारखी, प्रत्येकात मोठी १०. शुक्राणूंत मात्र निम्म्यांत मोठी १०, निम्म्यांत मोठी ९ आणि ते धाकटं. धाकटं गुणसूत्र ज्या शुक्राणूतून येतं त्यापासून नर होतो, हे या मोजणीतून उघड झालं. त्याच धाकट्याला पुढे 'वाय' म्हणू लागले.

एडमंड विल्सन यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे लिंगाचा गुणसूत्रांशी संबंध दाखवला. त्यांचं काम मोठंच आहे, पण श्रेयाचं माप पुढे त्यांच्याच पदरात अधिक पडलं, हे मला खटकतं. १९१२ मध्ये कर्करोगानं स्टीव्हन्स गेल्या. वय अवघं ५०. संशोधनाची जेमतेम नऊ-दहा वर्षं त्यांना मिळाली होती.

माणसापर्यंत ही गोष्ट यायला वेळ लागला. पुरुषाच्या पेशीत वाय असतं हे थिओफिलस पेंटर यांनी १९२३ मध्ये दाखवलं, तरी एकूण गुणसूत्रं ४६ हा खरा आकडा १९५५ मध्ये कळला. वाय नेमकं काय करतं, हा गुंता फळमाशीमुळे वाढला होता, कारण तिच्यात एक्स किती यावर लिंग ठरतं. १९५९ मध्ये काही रुग्णांची गुणसूत्रं तपासली तेव्हा दिसलं की दोन एक्सबरोबर वाय असलेली व्यक्ती पुरुष असते आणि एकच एक्स असलेली, वाय नसलेली व्यक्ती स्त्री. माणसात कौल वाय देतं. त्यावरचं ते काम करणारं जनुक १९९० मध्ये लंडनमध्ये सापडलं.

म्हणजे आईच्या बीजांडात नेहमी एक्सच. मुलगा की मुलगी हे वडिलांकडून आलेल्या शुक्राणूवर ठरतं, तेही गर्भधारणेच्या क्षणी, आणि त्यात वडिलांचाही काही हात नसतो. ज्याला वंशाचा दिवा म्हणून मिरवतात त्या मुलाला एक्स मिळतो तो आईकडूनच. बापाचा एक्स पुढच्या पिढीत जातो तो केवळ मुलीतून.

आपल्याकडे हे ज्ञान ज्या क्रमाने पोचलं त्याचा मला संताप येतो. मुलींवर मुली झाल्या म्हणून सून बोल खातच राहिली, पण गुणसूत्रं ओळखण्याची हातोटी घरोघरी आधी पोचली. आनुवंशिक आजार शोधण्यासाठी असलेली गर्भजल परीक्षा १९८०च्या दशकात मुंबईतल्या दवाखान्यांत मुलीचा गर्भ ओळखून पाडण्यासाठी सर्रास वापरली गेली. स्त्री-संघटना, काही डॉक्टर आणि कार्यकर्ते चिवटपणे लढले, तेव्हा १९८८ मध्ये महाराष्ट्राने लिंगनिदानाला आळा घालणारा कायदा केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. तोवर गर्भधारणेआधीच एक्स आणि वाय शुक्राणू वेगळे काढण्याची तंत्रंही बाजारात येऊ लागली होती, म्हणून २००३ पासून त्या निवडीवरही बंदी लागू झाली.