पितृत्वनिश्चिती, प्रसूतिपूर्व (अनाक्रमक)

गर्भाशयात सुई न घालता, गर्भवतीच्या दंडातून काढलेल्या रक्तावरून गर्भाचा जैविक पिता ठरवण्याची पद्धत. संशयित पित्याचा नमुना गालाच्या आतून घेतात. वारेचा अंश किंवा गर्भजल काढूनही हे ठरवता येते. मात्र त्यात गर्भपाताचा अल्प धोका असतो.

पाया : डेनिस लो व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये, पुरुषगर्भ असलेल्या स्त्रियांच्या रक्तद्रवात वाय गुणसूत्राचा डीएनए दाखवला. गर्भाचा असा डीएनए मुख्यतः वारेच्या पेशींतून सुटतो. दहाव्या आठवड्याच्या सुमारास रक्तद्रवातील मुक्त डीएनएत त्याचा वाटा साधारण एक-दशांश असतो. स्थूल मातांत कमी. प्रसूतीनंतर तो झपाट्याने नाहीसा होतो, त्यामुळे आधीच्या अपत्याचा डीएनए निकालात येत नाही. मातेच्या रक्तातील गर्भपेशी वेचण्याचा जुना मार्ग नेमका इथे अडला : त्या अतिविरळ, शिवाय मागील गरोदरपणातल्या पेशी अनेक वर्षे टिकून राहतात.

खुणा : न्यायवैद्यक प्रयोगशाळांत रुळलेल्या पुनरावृत्तिखुणा येथे तोकड्या पडतात. गर्भाच्या डीएनएचे तुकडे जेमतेम दीडशे अक्षरांचे असतात, आणि प्रत काढताना मातेच्या खुणेशेजारी उमटणारी खोटी रेघ गर्भाची समजली जाऊ शकते. वाय गुणसूत्राच्या खुणा स्वच्छ दिसतात. पण त्या केवळ पुरुषगर्भात मिळतात, आणि बाप, भाऊ, चुलता यांच्यात सहसा सारख्याच असतात. म्हणून एकाक्षरी भेदांकडे वळावे लागले. मातेत दोन्ही प्रती ‘अ’ असतील तिथे रक्तात अल्प प्रमाणात दिसणारा ‘ब’ पित्याकडूनच आलेला असणार. एका जागेवरून काही ठरत नाही. शेकडो-हजारो जागा एकत्र तोलाव्या लागतात. अशा तपासणीचा वृत्तान्त २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. गर्भाचा वाटा फार कमी भरल्यास निकाल न देता पुन्हा रक्त घेणे, हेच प्रामाणिक काम.

भारत : गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला राज्य कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ चा. केंद्रीय कायद्यात प्रसवपूर्व निदानाला परवानगी असलेल्या कारणांत आनुवंशिक व जन्मजात विकार आहेत, पितृत्व नाही. वाय खुणांची पद्धत तर लिंगही उघड करते. वैध विवाहात जन्मलेले मूल पतीचेच, हे पुराव्याच्या कायद्याचे गृहीतक (पूर्वीचे कलम ११२, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे ११६) बालकाच्या रक्षणासाठी आहे; न्यायालये डीएनए तपासणीचा आदेश सहजासहजी देत नाहीत.

मर्यादा : संशयित एकबीज जुळे भाऊ असल्यास निर्णय होत नाही.