राखून ठेवलेली बाटली

लॅक्टोमीटर आपल्या ओळखीचा. दुधात पाणी घातलं की तो खाली जातो. पण आधी साय काढून मग पाणी घाला, फसलाच! म्हणून निकाल प्रयोगशाळेचा. १९५४ च्या भेसळ कायद्याने नमुन्याचे तीन भाग करायला लावले, दूध टिकावं म्हणून त्यात फॉर्मालिन. एक भाग विश्लेषकाकडे. राखलेल्यातून आरोपीला फेरतपासणी मागता येई.

आता सावर्ड्यातला दोन म्हशींचा गवळी डोळ्यांपुढे आणू. शिक्षा सहा महिने कैदेची, आणि खटला उशिरा उभा राहिला तर राखलेली बाटलीच नासायची. मग त्याने निर्दोषपणा दाखवायचा कशावर? १९६६ मध्ये दिल्लीच्या एका दह्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं: सरकारी दिरंगाईने नमुना नासला, तर शिक्षा टिकत नाही. २००६ च्या कायद्याने भाग चार केले. चौथा, विक्रेत्याने मागितल्यास, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो.