दोन तर्खडकर आणि 'फिव्हर केम टू मी'

दिवाळीच्या आधी माळा साफ करायला काढला, तेव्हा एका ट्रंकेत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा दुसरा भाग सापडला. पुठ्ठा गेलेला, पहिली काही पाने नाहीत, समासात माझे आणि माझ्या थोरल्या भावाचे अक्षर एकमेकांत मिसळलेले. धाकट्या जाऊबाई मदतीला आल्या होत्या. त्यांनी पुस्तक हातात घेतले आणि म्हणाल्या, "वहिनी, हे मराठी व्याकरण लिहिणाऱ्या दादोबांचंच ना?"

हा प्रश्न मला आयुष्यभरात किमान पन्नास जणांनी विचारला असेल, आणि त्यांतले निम्मे शिक्षक होते. तर आधी हा घोळ मिटवते. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४ ते १८८२) यांनी मराठीचे व्याकरण लिहिले. ते १८३६ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. ज्या पाठमालेवर आपल्या आजोबांच्या, वडिलांच्या आणि आपल्याही पिढीने इंग्रजी घोकले, ती द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची. आडनाव एक, माणसे दोन. एकाने मराठी माणसाला त्याच्याच भाषेचे व्याकरण दिले, दुसऱ्याने मराठीचा हात धरून इंग्रजीत नेले.

जाऊबाईंना एवढे सांगून मी पुस्तक पुसून बाजूला ठेवले. पण डोक्यात चक्र सुरू झाले ते थांबेना. कारण या दोन पुस्तकांच्या मध्ये कुठेतरी माझ्या हातून झालेली एक चूक अडकलेली आहे. ती शेवटी सांगते.

आधी दादोबा. त्यांचे वय तेव्हा बावीसच्या आसपास. मराठीचे व्याकरण मराठीतून लिहायचे तर समोर नमुना कोणता? संस्कृत व्याकरणाची थोर परंपरा होतीच, पण दादोबा इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढीतले. त्यांनी लिंडले मरे या ग्रंथकाराच्या इंग्रजी व्याकरणाचे वळण गिरवले. हा मरे मूळचा अमेरिकेतला वकील. प्रकृतीसाठी इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिला आणि तिथल्या एका मुलींच्या शाळेतील शिक्षिकांच्या आग्रहावरून त्याने १७९५ साली व्याकरणाचे पुस्तक लिहिले. म्हणजे गंमत बघा, यॉर्कच्या शाळकरी मुलींसाठी केलेला साचा चाळीस वर्षांनी मुंबईत मराठीच्या कामी आला.

आपण शाळेत नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशा शब्दांच्या आठ जाती पाठ केल्या, त्या या वळणातल्या. मरेच्या पुस्तकात जाती नऊ आहेत. नववी जात म्हणजे उपपद, 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द'. ते मराठीत नाहीच. माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत मुलांच्या वह्यांतल्या सर्वांत जास्त लाल खुणा या नवव्या जातीवर पडल्या. जी गोष्ट आपल्या घरात नाही, ती दुसऱ्याच्या घरात कुठे ठेवलेली असते हे मुलाला कसे कळावे?

विरामचिन्हांचेही तेच. जुन्या बखरी आणि पोथ्या पाहिल्यात तर आजच्यासारखे स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह त्यांत नाहीत. ती इंग्रजीतून आली आणि १८५० साली मेजर कँडी यांनी त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. आपण 'शुद्ध मराठी' म्हणून जे लिहितो त्याच्या अंगावर इंग्रजी शिवणीचा सदरा पावणेदोनशे वर्षांपासून आहे. त्यात लाजण्यासारखे मला काही वाटत नाही. सदरा अंगाला बसला, आपला झाला.

आता उलट बाजू पाहू. दादोबांच्याही आधी, १८०५ साली, बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी या मिशनऱ्याने मराठीचे व्याकरण इंग्रजीतून छापले होते. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण साहेबांना तो देशी भाषा शिकवत असे. मराठीच्या कामात त्याला वैजनाथ पंडितांची मदत होती. त्या व्याकरणाला त्याने रोजच्या विषयांवरचे संवाद जोडले होते. म्हणजे साहेब मराठी कशी शिकत होते? स्वतःच्या भाषेशेजारी आपली भाषा ठेवून, नियम पाहून, वाक्ये जुळवून. पुढे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१) आला, कँडींचा इंग्रजी-मराठी कोश (१८४७) आला. साहेब चुकीचे मराठी बोलला म्हणून त्याला कुणी अडाणी म्हटले नाही. उलट दोन वाक्ये मराठीत बोलला तर आजही आपण टाळ्या वाजवतो.

आपल्या नागपुरात इंग्रजी शाळा आली ती भोसल्यांच्या राज्यात. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये इथे आले आणि पुढल्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. १८५४ साली राज्य खालसा झाले, कचेरीची भाषा बदलली आणि इंग्रजी ही नोकरीची किल्ली झाली. १८८३ साली हिस्लॉप कॉलेज आणि १८८५ साली मॉरिस कॉलेज निघाले. पण कॉलेजच्या पायरीपर्यंत पोचणारे किती? बाकीच्यांसाठी होते तर्खडकर. खेड्यात शिक्षक नसो, कंदिलाशी बसून एकट्याने शिकता येईल असे पुस्तक. वर शब्द, मग मराठीतून नियम, मग इंग्रजीचे मराठी करा, मग मराठीचे इंग्रजी करा. माझा भाऊ असाच शिकला आणि त्याने मला शिकवले.

पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा प्रशिक्षणात सांगितले गेले की भाषांतर पद्धत जुनाट आहे, वर्गात मराठीचा शब्द काढायचा नाही, वस्तू दाखवा आणि इंग्रजी बोला. त्यात तथ्य होतेच. तर्खडकर पाठ असलेली माणसे इंग्रजी अर्ज झकास लिहीत, पण स्टेशनवर कुणी इंग्रजीत वेळ विचारली तर गप्प होत. कान आणि जीभ या पुस्तकाने तयार होत नव्हती, हे मान्यच करायला हवे.

पण मराठी वर्गाबाहेर ठेवता येते, मुलाच्या डोक्याबाहेर नाही. आणि इथेच माझी चूक झाली.

चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीचा वर्ग. एक हुशार मुलगी दोन दिवस आली नव्हती. मी नव्या पद्धतीच्या उत्साहात इंग्रजीतून कारण विचारले. ती उभी राहिली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "फिव्हर केम टू मी." वर्ग खो खो हसला. मीही हसले. बरोबर वाक्य फळ्यावर लिहिले, 'आय हॅड फिव्हर', आणि पुढे गेले. त्या मुलीने वर्ष संपेपर्यंत इंग्रजीच्या तासाला पुन्हा हात वर केला नाही. ते माझ्या ध्यानात यायलाही परीक्षा उजाडावी लागली.

आज वाटते, तिचे काय चुकले होते? 'मला ताप आला.' मराठीत ताप येतो, आणि तो 'मला' येतो. भूक मला लागते, राग मला येतो, गाणे मला आवडते. आपल्या भाषेत या गोष्टी माणसाकडे चालत येतात. इंग्रजीत माणूस कर्ता होऊन पुढे बसतो आणि ताप जवळ बाळगतो. तिने आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळला होता. मी एवढेच सांगायला हवे होते की "बाळ, मराठीत ताप तुझ्याकडे येतो, इंग्रजीत तो तुझ्याजवळ असतो." एका वाक्याचे काम. पण त्यासाठी तासाला मराठी बोलावे लागले असते, आणि ते मी व्रतासारखे टाळत होते.

त्यानंतर मी चुकांची एक वही केली. प्रत्येक चुकीसमोर तिचे मराठी मूळ लिहायचे. त्यातली काही पाने इथे देते, घरात शिकणारी मुले असतील तर उपयोगी पडतील.

'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स.' मराठीत 'लहानपणापासून' आणि 'दहा वर्षांपासून' दोन्हीला 'पासून' चालते. इंग्रजीत सुरुवात सांगायची तर 'सिन्स', मुदत सांगायची तर 'फॉर'. शिवाय 'राहतो आहे' आपल्याला पुरते, त्यांना 'हॅव बीन लिव्हिंग' लागते.

'वुई डिस्कस्ड अबाउट इट.' आपण एखाद्या गोष्टी'विषयी' चर्चा करतो, म्हणून 'अबाउट' येते. इंग्रजीत 'डिस्कस'च्या पोटातच ते 'विषयी' आहे.

'यू आर कमिंग, इजंट इट?' हा आपला 'ना'. "तू येतोयस ना?" आपला एक 'ना' सगळीकडे चालतो, त्यांचा दर वाक्यागणिक बदलतो. इथे 'आरंट यू' हवे.

आणि ही खास नागपूरची. पुण्याकडे 'मी जातो आहे' म्हणतात, आपल्याकडे पोरगा 'मी जाऊन राहिलो' म्हणतो. हिंदीच्या शेजाराने आलेले हे रूप 'आय अ‍ॅम गोइंग'ला अगदी नेमके बसते. चालू काळ आमच्या मुलांना चटकन येई! पण मग 'मला समजून राहिलं'चे 'आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग' होई. 'नो', 'अंडरस्टँड', 'लाइक' यांना साध्या बोलण्यात तसे 'राहून राहता' येत नाही, एवढे सांगितले की मुले हसत आणि लक्षात ठेवत. ते हसणे वेगळे असते, कुणा एकाला नसते.

मराठी जिथे श्रीमंत आहे तेही मी सांगत असे. 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' यांत केवढा फरक! ऐकणारा सोबत आहे की नाही ते आपल्या एका शब्दात कळते. इंग्रजीत दोन्हीला 'वुई'. हे ऐकून शेवटच्या बाकावरचे मूलही जरा ताठ बसायचे.

जून २००० पासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. आता तर आमच्याच कुटुंबातली बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात आहेत. त्यांचा उच्चार माझ्यापेक्षा चांगला आहे, यात शंका नाही. पण परवा नातवाने फोनवर विचारले, "आजी, इजंट इट?" तेव्हा मला तो जुना 'ना' ओळखू आला आणि बरे वाटले.

असो. पाठमालेला नवा पुठ्ठा घालायला दिला आहे. ती मुलगी आता पन्नाशीला आली असेल. कुठे आहे, काय करते, मला माहीत नाही. कधी भेटली तर तिला सांगायचे आहे की त्या दिवशी तुझे मराठी अगदी बरोबर होते, आणि हसायला नको होते ते मी.