दफ्तर, दिनमान आणि राजा : सातारा राज्यातील कालव्यवस्थेचा एक विचार (१८१८–१८३९)

कृष्णा आणि वारणा ह्या दोन नद्यांमधील काळ्या जमिनीत वसलेले आष्टा हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यात मोडते. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. तत्पूर्वी शंभर वर्षे आष्टा साताऱ्याच्या कलेक्टरीत होते, आणि त्याहीपूर्वी सातारकर छत्रपतींच्या राज्यात. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्या राज्याची दक्षिणेकडील मर्यादा वारणा व कृष्णा ह्या नद्यांवर ठरली. त्यामुळे राजधानीपासून तीन-चार मजलांवर असलेले हे गाव राज्याच्या अगदी कडेला येऊन पडले. राज्यकारभाराची शिस्त राजधानीत बसून मोजण्यापेक्षा अशा कडेच्या गावावरून मोजणे अधिक उद्बोधक ठरते. आष्ट्याच्या कुळकर्ण्याने वहीत मांडलेला वसूल परगण्याच्या कचेरीत वेळेवर पोचावा, तेथून तो साताऱ्यास जावा, तेथे जमाखर्चाचा मेळ बसावा आणि अखेर त्यावर राज्यकर्त्याची नजर फिरावी, ह्या साखळीत एक कडी जरी सैल पडली तरी सारा कारभार तुंबतो.

१८१८ नंतर ही साखळी साताऱ्यात पुन्हा बांधली गेली, ह्याविषयी दुमत नाही. तिचे श्रेय बहुधा एकट्या कॅप्टन जेम्स ग्रँट ह्यास देण्यात येते. आळसावलेल्या दरबारास एका इंग्रज अधिकाऱ्याने घड्याळाची शिस्त लावली, असे त्याचे ढोबळ रूप होय. ही समजूत निम्मीच खरी आहे, आणि जी निम्मी खरी आहे तीही वाटते तितकी सुखद नाही.

प्रथम दफ्तराकडे पाहू. मराठी कारकुनीचा मूळ आधार रोजकीर्द हा होता. ज्या दिवशी रक्कम आली वा गेली त्या दिवशीच ती कीर्दीत चढवायची. कीर्दीवरून खतावणी, म्हणजे त्याच रकमांची खातेवार फोड. आणि वर्षअखेर ताळेबंद. ह्या पद्धतीत हिशेबाच्या अचूकतेइतकेच महत्त्व वेळेला आहे. आजची नोंद उद्यावर टाकली की कीर्द बिघडते, कीर्द बिघडली की खतावणीचा मेळ बसत नाही, आणि मग एका दिवसाची कसर शोधण्यात कारकुनाचे आठ दिवस खर्ची पडतात. पुण्यास हुजूर दफ्तराची जी मांडणी होती तीत हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर राबविलेले दिसते. चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर असा जो भेद तेथे केलेला होता तो फार अर्थपूर्ण आहे. पहिले फडणिसाच्या हाताखाली चालू कामाचे, तर दुसरे निरनिराळ्या खात्यांचे हिशेब एकत्र करून जमाखर्चाचे गोषवारे सिद्ध ठेवण्याचे. तातडीचे काम आणि सावकाशीने करावयाचे काम एकाच माणसाच्या पुढ्यात पडू नये, ही दृष्टी त्यात उघड आहे. नाना फडणिसांच्या काळी हे यंत्र उत्तम चालले. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत त्याची हेळसांड झाली. परंतु यंत्र नादुरुस्त झाले म्हणून ते चालविणारे हात नाहीसे झाले नव्हते. १८१८ साली साताऱ्याची कचेरी उभी करताना कीर्द कशी लिहावी हे कोणास इंग्रजांकडून शिकावे लागले नाही. उणीव होती ती लिहिलेले रोजच्या रोज मागून घेणाऱ्या वरच्या माणसाची.

कारकुनाची खरी कसरत दिवस आखण्याच्याही आधी सुरू होत असे. कोणता दिवस, हेच आधी ठरवावे लागे. प्रतापसिंह महाराजांकडे राज्यकारभार विधिपूर्वक सोपविण्यात आला तो दिवस ५ एप्रिल १८२२. हा शुक्रवार होता. ग्रँटच्या पंचांगात तो गुड फ्रायडे. ब्राह्मण कारकुनाच्या लेखी शके १७४४, चित्रभानु संवत्सरातील चैत्र महिना. दफ्तरी कागदाच्या माथ्यावर मात्र सुहूर सन, म्हणजे इसन्ने अशरीन मयातैन व अलफ, अंकी १२२२. तारीख मुसलमानी चांद्रमासाची, त्यामुळे तो महिना रज्जब, हिजरी सन १२३७. आणि तिच्यामागे चंद्रदर्शक 'छ'. वसुली खात्यात फसली १२३१. छत्रपतींच्या घराण्याचा राज्याभिषेक शक धरला तर १४८. एकाच दिवसाची ही सहा नावे. कोणत्या कागदावर कोणते घालावे हे ज्यास उमगत नसे तो कचेरीत टिकत नसे. आजच्या वाचकास हा घोळ वाटेल. वस्तुतः प्रत्येक गणनेचे काम वेगळे होते, आणि त्यांपैकी सुहूर सन तर गावच्या दृष्टीने सर्वांत समंजस होता.

कारण सुहूर वर्ष सुरू होते ते सूर्य मृग नक्षत्रात जातो त्या वेळी. म्हणूनच त्यास मृगसाल असेही म्हणत. आष्ट्यासारख्या गावी मृगावर पेरणी, आषाढात बेंदूर, हस्ताच्या पावसावर रब्बीची पेर, माघ-फाल्गुनात शाळूची काढणी, असा वर्षाचा क्रम असे. वसुलाचे हप्ते ह्या सुग्यांच्या मागोमाग येत, आणि जुने वर्ष मिटत असे ते शेत मोकळे पडलेल्या वैशाख-ज्येष्ठात. म्हणजे कुणब्यास उसंत त्याच दिवसांत, आणि बाकीची तोंडमिळवणी करण्यास कुळकर्ण्यास सवड त्याच दिवसांत. शेत, गाव आणि दफ्तर ह्या तिघांचे वर्ष एकाच दिवशी उजाडत असे. कामाच्या आखणीची ह्याहून सोयीची रीत क्वचितच आढळेल. दिवसाच्या मापातही अशीच लवचीकता होती. साठ घटकांचे अहोरात्र, चोवीस मिनिटांची घटका. पण गणना सूर्योदयापासून. पत्रांत 'प्रहर दिवसास', 'चार घटका रात्रौ' अशी वेळ येते. दुपार हा आपला शब्द मुळात दोन प्रहरच होय. हिवाळ्यात दिवस आखडला की कचेरीही आपोआप आखडत असे.

ह्या व्यवस्थेत १८१८ साली ग्रँट आला तेव्हा त्याचे वय तिशीच्या आतच होते. त्याचा जन्म ८ जुलै १७८९ चा. राज्याची घडी बसविणे, जहागीरदारांचे करार, वसुलाची देखरेख, तरुण राजास कारभाराचे शिक्षण, आणि ह्या सर्वांच्या जोडीस मराठ्यांच्या इतिहासाची सामग्री गोळा करून तो लिहिणे, इतकी कामे त्याने एका वेळी अंगावर घेतली. त्याच्या स्वतःच्या सांगण्यानुसार तो दररोज बारा ते चौदा तास खंड न पाडता काम करीत असे. त्यापायी त्यास तीव्र मस्तकशूळ जडला. तो वाढत वाढत दर पाचव्या दिवशी येऊ लागला, सहा-सहा, सोळा-सोळा तास टिकू लागला, आणि डोक्यास ओली फडकी गुंडाळून काम करावे लागे. १८२२ साली कारभार महाराजांच्या स्वाधीन झाला आणि त्यानंतर थोड्याच अवधीत प्रकृतीने हार खाल्लेला ग्रँट साताऱ्याहून निघाला. त्याच्या जागी ब्रिग्ज आला. पुढे डफ हे आडनाव धारण केलेल्या ग्रँटचा तीन खंडांचा इतिहास १८२६ साली लंडनला प्रसिद्ध झाला.

ह्या ग्रंथाच्या गुणदोषांची चर्चा नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्यांनी १८६७-६८ च्या सुमारास आरंभिली, आणि ती अद्याप संपलेली नाही. तीत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. प्रस्तुत विषयापुरता मुद्दा एवढाच की, ज्यास साताऱ्याच्या शिस्तीचा जनक म्हणतात त्याचा स्वतःचा दिवस शिस्तीचा नमुना म्हणून पुढे करता येत नाही. चालते काम आणि सावकाशीचे काम ह्यांत जी भिंत पुण्याच्या दफ्तराने घातली होती तीच ग्रँटच्या मेजावर नव्हती. त्याने काम प्रचंड उरकले ह्यात संशय नाही, परंतु त्याची किंमत शरीराने चुकविली. आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. तो वाचीत होता ते कागद कारकुनांनी रोजच्या रोज लिहून ठेवले होते म्हणूनच हातात येताच उपयोगी पडण्याजोगे होते. इतिहासकाराच्या त्या बारा-चौदा तासांत मराठी फडाची कैक वर्षे मुरलेली होती.

आता प्रतापसिंह महाराजांकडे वळू. १८ जानेवारी १७९३ चा जन्म; १८०८ मध्ये छत्रपतिपद; आणि त्यानंतर दहा वर्षे पेशव्यांच्या पहाऱ्यात, अखेर तर वासोट्यावर. २० फेब्रुवारी १८१८ रोजी सोलापूर प्रांतातील आष्टी येथे बापू गोखले पडले व छत्रपतींचे कुटुंब इंग्रजांच्या हाती आले. (नावाच्या साम्यामुळे ह्या आष्टीची आणि वाळव्यातील आष्ट्याची गल्लत होण्याचा संभव असतो.) पंचविशी गाठेपर्यंत ज्यास रिकामपणाखेरीज दुसरे काही मिळाले नव्हते, त्या पुरुषाने चार वर्षांत कारभार आत्मसात केला, आणि तोही इतका की कंपनीने ठरल्याप्रमाणे तो त्यांच्या हवाली केला. यवतेश्वराच्या डोंगरावरून साताऱ्यास आणलेले पाणी, शहराची नवी मांडणी, महाबळेश्वरचा रस्ता ही त्यांच्या उद्योगाची फळे होत.

ह्या उद्योगाच्या स्वरूपात एक बदल दडलेला आहे आणि तो सहसा नजरेस येत नाही. शिवकालीन व्यवस्थेत राजाच्या नित्याच्या वृत्ताची नोंद वाकनिसाकडे असे. राजा वागे, वाकनीस लिही. पेशव्यांच्या रोजनिशी म्हणून जी निवड वाड ह्यांच्या परिश्रमाने छापली गेली तीही व्यक्तीची दैनंदिनी नव्हे. ती हुजूर कचेरीच्या हुकमांची व नोंदींची बाडे आहेत. प्रतापसिंह महाराज मात्र कागदावर स्वतः बसणारे राज्यकर्ते होते. शिक्का करणारा आणि लेखणी धरणारा ह्यांतील अंतर साताऱ्यात कमी झाले. त्यात ग्रँटच्या शिकवणीचा वाटा असेल. पण दहा वर्षे ज्याच्या नावाने परस्पर शिक्के उठत होते त्यास आपल्या नावाचा प्रत्येक कागद आपण पाहावा असे वाटले, तर त्यासाठी इंग्रज गुरूची आवश्यकता काय?

तथापि १८१९ च्या तहात एक कलम असे होते की, रेसिडेंटाच्या द्वारे होईल त्याखेरीज महाराजांनी बाहेरच्या कोणाशीही पत्रव्यवहार ठेवू नये. दिवस त्यांचा, लेखणी त्यांची, परंतु पत्र कोणास जावे हे ठरविणारा दुसरा. प्रथम हा विरोध जाणवला नाही. पुढे जहागीरदारांवरील अधिकाराचा वाद निघाला, आणि आपल्या बाजूचे कागद नीट लावून तो नेटाने मांडणारा राजा मुंबई सरकारास गैरसोयीचा होऊ लागला. लंडनच्या डायरेक्टरांनी १८३५ च्या अखेरीस त्यांच्या उत्तम कारभाराच्या गौरवार्थ तरवार व पत्र पाठविण्याचे ठरविले. ती भेट त्यांच्या हाती पडलीच नाही. दरम्यान फौजेतील सुभेदारांस फितविल्याचा, गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचा आरोप उभा राहिला. ग्रँटच्या काळी कारभारात असलेले बाळाजीपंत नातू ह्या वेळी विरुद्ध पक्षास मिळालेले दिसतात. आरोप मान्य केल्यास गादी राहील, असे गव्हर्नर कारनॅकने सुचविले. महाराजांनी नकार दिला आणि ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले.

कारभारात जो जितका दक्ष, तितका तो राज्यास सुरक्षित, असा हिशेब ग्रँटच्या शिकवणीत गृहीत होता. प्रत्यक्षात घडले ते उलट. आळशी राजाचे जहागिरींच्या वादात कोणी नाव घेतले नसते. प्रतापसिंहांच्या दक्षतेनेच तो वाद उभा राहिला व टिकला. आणि अंकित राज्याने किती दक्ष असावे ह्याची मर्यादा तहात कोठेही लिहिलेली नव्हती. काशीस गेल्यावरही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये अर्जामागून अर्ज करीत राहिले. महाराज १४ ऑक्टोबर १८४७ रोजी काशीतच वारले. त्यांचे बंधू शहाजी ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. कारभार सोपविल्यास त्या दिवशी सव्वीस वर्षे झाली होती. दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले.

रंगो बापूजींनी लंडनचा मुक्काम हलविला तो १८५३ साली. त्याच वर्षी आष्ट्यास १८५० च्या कायद्यान्वये नगरपालिका स्थापन झाली. महसुली वर्ष आता मृगावर सुरू न होता १ ऑगस्टपासून मोजले जाऊ लागले. म्हणजे पेरणी एका वर्षात आणि त्याच पिकाची कापणी दुसऱ्या वर्षात, अशी दफ्तरी फाळणी झाली. कुळकर्ण्याच्या वहीत इंग्रजी तारीख आली. बैल मात्र बेंदराच्या तिथीलाच सजत राहिले, आणि पेरणी मृगावरच होत राहिली.