वऱ्हाडातील कापूस व्यापार व उद्योग (1853–1947)

ब्रिटिश साम्राज्यातील कापूस पिकविणारा एक प्रमुख प्रदेश म्हणून वऱ्हाड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्धीस आला. सांप्रतचे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशीम हे जिल्हे स्थूलमानाने या प्रदेशात मोडतात. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या कसदार जमिनीचा सपाट भाग ‘पयानघाट’ आणि त्याच्या दक्षिणेकडील डोंगराळ पठारी भाग ‘बालाघाट’ या नावांनी ओळखला जाई. अकोल्याहून पातूरचा घाट चढून मेडशी व मालेगाववरून वाशीमला जाणारा सुमारे 80 किमी. लांबीचा रस्ता हा या दोन भागांमधील प्रमुख दुवा होय. वऱ्हाडच्या आर्थिक विकासाची वाटणी पुष्कळ अंशी या घाटाच्या वर व खाली अशी झाली.

लोहमार्गापूर्वीही येथील कापूस दूरवर जात असे. वंजारी-लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून तो गंगाकाठच्या मिर्झापूरच्या पेठेत पोहोचे. 1842 मध्ये अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्यास पाठविल्याचे सांगितले जाते. पेस्तनजी मेहेरजी व विकाजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीने मुंबईशी व्यापार वाढविला. निजामाच्या राज्यात महसूल वसुलीचा मक्ताही तिच्याकडे होता. 1853 च्या तहान्वये निजामाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला. 1902 च्या करारानुसार सालीना 25 लाख रुपयांच्या बदल्यात तो कायमच्या पट्ट्याने ब्रिटिशांकडे राहिला व 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडण्यात आला. तहाचे कारण फौजेचा खर्च हे असले, तरी त्याचे आर्थिक फळ कापूस हेच ठरले.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) लँकेशरच्या गिरण्यांचा कापूसपुरवठा तुटला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव एकाएकी चढले. याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग भुसावळहून शेगाव, अकोला, बडनेरामार्गे 1867 मध्ये नागपूरला पोहोचला. जलंब–खामगाव फाटा 1870 मध्ये खुला झाला. कापसाच्या बाजारासाठीच बांधलेला हा लोहमार्ग होता. कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी खामगावच्या बाजाराकडे विशेष लक्ष पुरविले. पुढे रॅली, व्होल्कार्ट यांसारख्या परदेशी पेढ्यांचे अडते वऱ्हाडच्या पेठांतून खरेदी करू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले, तथापि लागवड मागे हटली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पेरणीखालील जमिनीपैकी एक-तृतीयांशाहून अधिक जमीन कापसाखाली होती.

बाजाराच्या नियमनात वऱ्हाडाचा क्रमांक देशात पहिला लागतो. कारंजा येथे 1886 मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा झाला. मापारी, दलाल व अडत्या यांच्यावर त्यामुळे काही बंधने आली. मात्र बाजार समित्यांत व्यापाऱ्यांचे प्राबल्य होते. पेरणीसाठी सावकाराकडून कर्ज उचललेल्या कुळाचा कापूस बहुधा बाजारात येण्यापूर्वीच गहाण पडलेला असे, हे कायद्याने बदलले नाही.

कारखानदारीची वाढ एका टप्प्यावर येऊन थांबली. हातरेच्याऐवजी वाफेवर चालणारे जीन आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस अकोला, खामगाव, अमरावती, कारंजा इ. ठिकाणी मोठ्या संख्येने निघाले. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 मध्ये नागपूरला सुरू झाली. वऱ्हाडात मात्र बडनेरा, अकोला व पुढे अचलपूर अशा मोजक्याच ठिकाणी गिरण्या उभ्या राहिल्या. भांडवलदाराच्या दृष्टीने हे स्वाभाविक होते. जिनाचा हंगाम दिवाळीनंतर काही महिने चाले आणि भांडवल लवकर मोकळे होई. सावकारीत त्याहून अधिक सुटे. काही ठिकाणी जीनमालक आपसांत संघ करून काही कारखाने मुद्दाम बंद ठेवीत, दर चढे ठेवीत व नफा वाटून घेत. रेच्यावर सरकी काढणाऱ्या बायकांचे घरचे काम गेले. त्यांच्यापैकी अनेकींना जिनातील हंगामी मजुरी पतकरावी लागली. वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने 1911 पर्यंत कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेर होते.

जकातीचे धोरणही प्रतिकूल होते. 1896 मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के जकात बसवितानाच देशी गिरण्यांच्या कापडावर तितकेच अबकारी शुल्क लादण्यात आले. ते 1926 मध्ये रद्द झाले. अमरावतीचे रंगनाथ नरसिंह मुधोळकर यांनी औद्योगिक परिषदेच्या द्वारे स्वदेशी उद्योगांचा जो पुरस्कार केला, त्याची ही पार्श्वभूमी होती. क्रांतिपूर्व रशियन साम्राज्याशी केलेली तुलना येथे उद्बोधक ठरते. तेथे विट्टे यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात (1892–1903) उंच जकाती, सरकारी लोहमार्ग व परकीय भांडवल यांच्या बळावर कारखानदारी वेगाने वाढली आणि मॉस्कोच्या गिरण्यांसाठी तुर्कस्तान प्रांतातील फरगाना खोऱ्यात अमेरिकन जातीचा कापूस लावण्यात आला. 1906 मध्ये ओरेनबर्ग–ताश्कंद लोहमार्ग पूर्ण झाल्यावर तिकडे धान्य जाऊ लागले व कापूस बाहेर पडू लागला. संरक्षक जकातीचा लाभ मॉस्कोला झाला. फरगानाच्या वाट्याला वऱ्हाडाप्रमाणेच जीन व कर्ज आले. साम्राज्याचे धोरण खुल्या व्यापाराचे असो वा संरक्षणाचे, कापसाच्या मुलखाचे स्थान त्याने फारसे बदलले नाही, असे यावरून दिसते.

नगदी पिकाची दुसरी बाजू 1899–1900 च्या दुष्काळात उघड झाली. ज्वारी व कापूस दोन्ही बुडाले. रेल्वेने धान्य आले, पण ते विकत घेण्याची ऐपत मजुरांत उरली नव्हती. वऱ्हाडाची लोकसंख्या 1891 मध्ये सुमारे 29 लाख होती, ती 1901 मध्ये साडेसत्तावीस लाखांवर उतरली.

कापसाचा दर्जाही या काळात घसरला. लांब धाग्याच्या ‘बनी’ची जागा आखूड धाग्याच्या, पण रुईचा उतारा अधिक देणाऱ्या ‘जरी’ने व नंतर ‘रोझियम’ने घेतली. शेतकऱ्याने वजनाचा हिशेब केला. धाग्याच्या लांबीचा मोबदला त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. परिणामी वऱ्हाडी कापूस लँकेशरऐवजी यूरोप खंडातील देशांकडे व विशेषतः जपानकडे वळला. 1929 नंतरच्या जागतिक मंदीत भाव पडले आणि 1933 मध्ये जपानने भारतीय कापसावर बहिष्कार घातला, तेव्हा एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहण्याचा धोका प्रत्ययास आला.

बालाघाटावर जमीन तुलनेने हलकी, ज्वारीचा पेरा मोठा व लोहमार्ग दूर. वाशीम जिल्हा 1905 मध्ये मोडून वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यात घालण्यात आले. तो पुन्हा 1998 मध्ये निर्माण झाला. कारंजावरून जाणारा मूर्तिजापूर–यवतमाळ हा 113 किमी.चा अरुंदमापी लोहमार्ग किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या व्यवस्थापनाखाली होता. मेडशी–मालेगाव पट्ट्यातील कापूस मात्र बैलगाड्यांनी पातूरचा घाट उतरून अकोल्यासच न्यावा लागे आणि गाडीभाडे वजा जाता शेतकऱ्याच्या हाती घाटाखालच्या शेतकऱ्यापेक्षा कमी पैसे पडत. अकोला–वाशीम–हिंगोली लोहमार्ग स्वातंत्र्योत्तर काळात झाला.