ठिगळाची साक्ष

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परिसरात जर्मन वंशाचे कारागीर ठासणीच्या लांब बंदुका घडवत. दस्ता बहुधा मेपलच्या लाकडाचा. नळीला काजळी फासून ती लाकडात दाबायची. डाग उमटेल तिथेच पटाशी चालवायची. जास्त तासले गेले, तर लाकडाचाच पातळ तुकडा सरसाने बसवायचा. मुठीपाशी दस्ता सर्वांत बारीक. तिथे लाकडाच्या रेषा तिरक्या गेल्या, की तो मोडे. मग त्यावर ओले कच्चे कातडे आवळत; वाळताना ते आकसून तडा घट्ट धरी.

अशा बंदुका अभ्यासताना मी नक्षीआधी ठिगळ शोधतो. आपली चूक वहीत कोण लिहितो? ती लाकडातच वाचावी लागते. म्हणून दस्ता ‘नव्यासारखा’ करताना ठिगळ काढले, की इतिहासाचे एक पान फाटते.