हाती येणारे वेतन: नियुक्तीपत्रातील आकड्यापासून बँक खात्यापर्यंत

नोकरीच्या प्रस्तावात दिलेला वार्षिक आकडा बाराने भागून मासिक उत्पन्नाचा अंदाज बांधणे, ही सर्रास आढळणारी चूक आहे. घरभाडे वा गृहकर्जाचा हप्ता अशा अंदाजावर ठरवल्यास पहिल्याच महिन्यात ओढाताण होते. प्रस्तावातील आकडा बहुधा ‘सीटीसी’, म्हणजे कर्मचाऱ्यावर होणारा कंपनीचा एकूण खर्च असतो. त्यात भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा वाटा आणि अनेकदा ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असते. या रकमा दरमहा हाती पडत नाहीत. त्या वजा केल्यावर उरते ते स्थूल वेतन.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. पहिल्या ४ लाखांवर कर नाही. त्यापुढील प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्यावर अनुक्रमे ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, तर २४ लाखांवरील उत्पन्नावर ३० टक्के दर आहे. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास सवलतीमुळे वेतनावरील कर शून्य होतो. देय करावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर लागतो.

उदाहरणार्थ, महाराष्ट्रातील कर्मचाऱ्याचा सीटीसी १५ लाख आणि मूळ वेतन साडेसात लाख रुपये आहे. कंपनीचा भविष्य निधीतील १२ टक्के वाटा ९०,००० रुपये आणि ग्रॅच्युइटी सुमारे ३६,००० रुपये वगळता स्थूल वेतन १३,७४,००० रुपये होते. प्रमाणित वजावटीनंतर करपात्र उत्पन्न १२,९९,००० रुपये. त्यावर कर ७४,८५० आणि उपकर २,९९४, एकूण ७७,८४४ रुपये.

स्थूल वेतनातून हा कर, कर्मचाऱ्याचा स्वतःचा भविष्य निधीतील वाटा ९०,००० आणि व्यवसाय कर २,५०० रुपये वजा केल्यास वर्षाला १२,०३,६५६ रुपये उरतात. म्हणजे दरमहा सुमारे १,००,३०० रुपये. १५ लाखांना बाराने भागल्यावर दिसणारे १,२५,००० नव्हेत.

हाच सीटीसी असलेल्या दोघांचे हाती येणारे वेतन वेगळे असू शकते. काही कंपन्या भविष्य निधी १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर, म्हणजे दरमहा १,८०० रुपयेच कापतात. दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेशात व्यवसाय कर नाही. कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम सीटीसीत असल्यास ती दरमहा मिळत नाही. गृहकर्ज, घरभाडे व विमा यांवरील वजावटी मोठ्या असतील, तर जुन्या प्रणालीनेही हिशेब करून पाहावा.

त्यामुळे प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी मूळ वेतन, भविष्य निधीचा आधार आणि बदलत्या वेतनाचा हिस्सा या तीन बाबी कंपनीकडून लेखी मागवून घ्याव्यात.